एलईडी न दिसता उजेड दिसावा: वाहनाच्या दिव्याची पहिली रचना

रात्री सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे जरा निरखून बघा. एखाद्या दिव्यात लाल रंगाची सलग पट्टी दिसते, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली तेही चटकन कळत नाही. दुसऱ्यात मात्र एलईडी मोजता येतात, आणि मधलाच एखादा जरा मंद असतो. दोन्ही दिवे नियमात बसतात. फरक आतल्या रचनेचा असतो, आणि तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उघडण्याच्या कितीतरी आधी पडलेला असतो: दिव्याला काचेपासून मागच्या पत्र्यापर्यंत खोली किती मिळाली आणि लुमेन, म्हणजे एकूण प्रकाश, किती मिळाले, तिथेच. या दोन्हींपैकी एकही हातात नसेल तर पुढची कारागिरी फार काही वाचवू शकत नाही. म्हणून या लेखात हिशेब आधी येतो, भिंगं आणि दाते नंतर.

पायरी १: नियमाचं माप आणि डोळ्याचं माप वेगळं ठेवा

नियम कॅन्डेलात, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेत, बोलतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा आर-१४८ हा नियम सिग्नल देणाऱ्या दिव्यांसाठी आहे. त्यानुसार, समोरच्या अक्षावर मोजलं तर साध्या टेल लॅम्पला किमान ४ कॅन्डेला, ब्रेक लाइटला किमान ६० आणि दिवसा चालू राहणाऱ्या डीआरएलला किमान ४०० कॅन्डेला लागतात. वरची मर्यादाही असते. डीआरएलची १२०० आहे. हे सगळं दुरून मोजतात, तेव्हा संपूर्ण दिवा एकच बिंदू धरला जातो. त्या बिंदूच्या आत ठिपके आहेत की सलग पट्टी, याच्याशी कॅन्डेलाच्या आकड्याला देणंघेणं नाही.

डोळ्याला मात्र उजळपणा दिसतो, ज्याला ल्युमिनन्स म्हणतात: पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तुमच्या दिशेने किती कॅन्डेला निघतात ते. या वाक्यातले ‘तुमच्या दिशेने’ हे शब्द नवशिके हमखास विसरतात. डिफ्यूझरवर (प्रकाश पसरवणाऱ्या पडद्यावर) प्रकाश अगदी सारखा पडला, तरी तो डिफ्यूझर एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी प्रकाश सोडत असेल, तर दिवा एकसारखा दिसणार नाही.

आता एक छोटा गुणाकार. समजा दिव्याचा उजळणारा भाग ५० चौरस सेंटिमीटर आहे. टेलचे ४ कॅन्डेला त्यावर पसरले तर उजळपणा ८०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर. ब्रेकला तोच १२,००० आणि डीआरएलला ८०,०००. एकाच आकाराच्या काचेतून शंभरपट फरक काढायचा आहे. तेव्हा टेलसाठी चाललेली युक्ती डीआरएलला चालेल, ही आशा इथेच सोडा.

लुमेनचा हिशेब याहून बोलका आहे. दुधी डिफ्यूझर प्रकाश सगळीकडे उधळतो, त्यामुळे अक्षावरच्या एका कॅन्डेलासाठी साधारण ३.१४ लुमेन बाहेर पडावे लागतात. टेलला १३ लुमेन पुरतात. ब्रेकला १९० लागतात. डीआरएलला १,२५० च्या वर. डिफ्यूझर स्वतःच जवळपास निम्मा प्रकाश खातो असं धरलं, तर डीआरएलसाठी आत २,५०० लुमेन पेटवावे लागतील. हेडलॅम्पचा एच-७ बल्ब १,५०० लुमेन देतो! म्हणून ‘सगळीकडे दुधी काच लावू’ हे उत्तर टेलसाठी उत्तम, ब्रेकसाठी महाग आणि डीआरएलसाठी वेडेपणाचं आहे.

पायरी २: खोली मागून घ्या, आणि लवकर मागा

दिव्याचा बाह्य आकार स्टाइलिंगवाल्यांनी काढलेला असतो, मागचा पत्रा बॉडीवाल्यांनी. मधे उरेल ती जागा तुमची. ती किती हवी हे पहिल्याच बैठकीत आकड्यात सांगता आलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या बैठकीत तिथून वायरिंग गेलेलं असतं. आकडा काढायचा कसा?

एलईडीचा प्रकाश समोर सर्वात जास्त आणि बाजूला कमी होत जातो. ६० अंशांवर तो निम्मा होतो. अशा एलईडींची एक ओळ आहे आणि समोर सपाट डिफ्यूझर आहे अशी कल्पना करा. दोन एलईडींमधलं अंतर म्हणजे पिच. एलईडीपासून डिफ्यूझरपर्यंतचं अंतर म्हणजे खोली. एका एलईडीचा डिफ्यूझरवरचा प्रकाश बाजूला सरकताना किती घटतो ते असं काढतात: बाजूचं अंतर भागिले खोली, त्याचा वर्ग, त्यात १ मिळवा, आलेल्या आकड्याचा पुन्हा वर्ग करा आणि त्याने भागा. शेजारच्या सगळ्या एलईडींची बेरीज केली की पुढचं चित्र मिळतं.

पिच आणि खोली सारखी असेल, तर दोन एलईडींच्या मधोमध प्रकाश एलईडीसमोरच्या सुमारे ९५ टक्के राहतो. पिच खोलीच्या दीडपट केली की ७३ टक्के. दुप्पट केली की ४८ टक्के, म्हणजे ठिपकेच ठिपके. हा निव्वळ थेट प्रकाशाचा हिशेब आहे. आतून पांढऱ्या भिंती असतील तर परावर्तित प्रकाश खड्डे थोडे भरून काढतो. पण सुरुवातीला त्यावर विसंबू नका. १५ मिमी खोली मिळाली तर १५ मिमीच्या आसपास पिच, ३०० मिमी लांब पट्टीला सुमारे २० एलईडी. आकडा बघून खर्चवाले कपाळाला हात लावतील. मग तुम्ही शांतपणे विचारायचं: खोली वाढवून देता का?

हाच हिशेब स्प्रेडशीटमध्ये मांडायला दहा मिनिटं लागतात. पहिलं सिम्युलेशन चालवण्याआधी तो मांडाच, कारण सिम्युलेशन सुंदर रंगीत चित्र देतं आणि माणूस चित्राच्या प्रेमात पडतो.

९५ टक्के पुरतात का? डोळ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, अचानक झालेला लगेच टोचतो. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं, की उजळपणाचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे डोळा नसलेल्या गडद-उजळ रेघाही पाहतो. दिव्याच्या कामात याचा अर्थ असा: लांब पट्टीचा उजळपणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० टक्क्यांवर उतरला तरी क्वचितच कुणाच्या लक्षात येतं, पण दर १५ मिमीला १० टक्क्यांचा खड्डा पडला तर लहान मूलही मोजून दाखवेल. मी सुरुवातीला संपूर्ण पृष्ठभागासाठी ०.७ आणि शेजारच्या बिंदूंसाठी ०.९ असं किमान-कमाल गुणोत्तर धरतो. हा नियम नव्हे, माझा अंदाज. तुमच्या दिव्यावर तो बदला.

पायरी ३: खोली नसेल तर लाइट गाइड

बऱ्याचदा खोली मिळतच नाही. तेव्हा प्रकाश टोकातून आत सोडून पारदर्शक दांड्यातून नेतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, आतून ४२ अंशांपेक्षा तिरप्या कोनात भिंतीवर आपटलेला किरण बाहेर न पडता पुन्हा आत परावर्तित होतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८ च्या वर, म्हणून तिथे ३९ अंश. दांड्याच्या मागच्या बाजूला बारीक तिरपे दाते कापले की त्यावर आपटलेला किरण वळून समोरून बाहेर येतो. संपूर्ण खेळ या दात्यांचा.

एलईडीजवळ दांड्यात प्रकाश भरपूर असतो, तिथे दाते उथळ ठेवा. पुढे प्रकाश संपत जातो, तिथे दाते खोल करा किंवा जवळ जवळ आणा. कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात तीन जागी घोळ होतो.

पहिली जागा म्हणजे सुरुवात. एलईडीतून आलेला प्रकाश दांड्यात मिसळायला काही सेंटिमीटर लागतात. तोवर उजळपणा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. हा भाग बेझलखाली, म्हणजे दिव्याच्या कडेच्या चौकटीखाली, झाकायचाच. एलईडी आणि दांड्याचं तोंड यांतली फट अर्ध्या मिमीने वाढली किंवा एलईडी बाजूला सरकला तरी आत जाणारा प्रकाश लक्षात येण्याइतका कमी होतो. त्यामुळे पीसीबी (एलईडी बसवलेला सर्किट बोर्ड) आणि दांडा एकाच खुंटीवर बसवा. वेगवेगळ्या भागांवर बसवले की प्रत्येक जोडाची चूक एकमेकांत मिळत जाते.

दुसरी जागा वळण. आतली त्रिज्या दांड्याच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी केलीत तर तिथून प्रकाश गळतो आणि ठळक डाग पडतो. स्टाइलिंगच्या चित्रात मात्र वळण नेमकं काटकोनी असतं. कोपरा टोकदार दिसायलाच हवा असेल तर दोन स्वतंत्र दांडे घ्या आणि प्रत्येकाला स्वतःचा एलईडी द्या.

तिसरी जागा बघण्याची दिशा, आणि इथे मी स्वतः चांगलाच आपटलो आहे. माझ्या पहिल्या लाइट गाइडला एलईडी एकाच टोकाला होता. टेबलावर समोरून दांडा इतका सुरेख दिसला की मी फोटो काढून चार जणांना पाठवला. दुसऱ्या दिवशी एक सहकारी टेबलाच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अर्धा बंद का आहे?” एका टोकाने आलेला प्रकाश दात्यांवरून निघताना आपली पुढे जाण्याची दिशा थोडी टिकवतोच; त्यामुळे एका बाजूने दांडा उजळ आणि दुसऱ्या बाजूने विझलेला दिसतो. उपाय म्हणजे दोन्ही टोकांना एलईडी आणि दोन्हीकडून येणाऱ्या किरणांना सारखे वळवणारे दाते, किंवा दांड्यासमोर हलकासा डिफ्यूझर. दुसऱ्या उपायाने थोडे लुमेन जातात. मी जाऊ देतो.

दांडा लांब असेल तर पॉलिकार्बोनेट टाळता आलं तर टाळा. ते निळा प्रकाश थोडा जास्त शोषतं, त्यामुळे पांढऱ्या दिव्याचं दूरचं टोक पिवळसर दिसू लागतं. ॲक्रिलिक जास्त स्वच्छ, पण त्याला उष्णता कमी सोसते. हेडलॅम्पच्या आत तापमान चढतं, तिथे नाइलाजाने पॉलिकार्बोनेटकडेच जावं लागतं.

पायरी ४: ब्रेक आणि डीआरएल, इथे प्रकाश उधळून चालत नाही

वरचे १,२५० लुमेन आठवा. तेवढाच अक्षावरचा प्रकाश फक्त २० अंश त्रिज्येच्या शंकूत कोंबला तर ४०० कॅन्डेलांना सुमारे १५० लुमेन पुरतात. आठपट बचत. म्हणून अशा दिव्यांत प्रत्येक एलईडीसमोर आधी कॉलिमेटर ठेवतात, जो किरण समांतर करतो, आणि मग बारीक भिंगांची जाळी किंवा ठराविक कोनातच पसरवणारा डिफ्यूझर लावतात. दिवा हव्या त्या शंकूत सलग दिसतो. शंकूबाहेर उजळपणा झपाट्याने पडतो. बाजूने दिसण्याची अट पूर्ण करायला थोडा प्रकाश मुद्दाम बाजूला सोडावा लागतो. टेल लॅम्प बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसायला हवा, हे विसरून सुंदर सपाट दिवा काढणारे खूप आहेत.

कॉलिमेटरचं तोंड सगळीकडे सारखं उजळत नाही: मध्य तेजस्वी, कडा मंद. दोन कॉलिमेटरच्या सांध्यावर गडद रेघ येते. गोल कॉलिमेटर शेजारी शेजारी ठेवले तर मधे त्रिकोणी अंधार राहतो, म्हणून त्यांना चौकोनी किंवा षटकोनी कापून एकमेकांना भिडवतात. सांध्यांच्या रेघा पुढच्या डिफ्यूझरने पुसायच्या, त्यासाठी पुन्हा थोडी खोली लागतेच. टेल आणि ब्रेक एकाच काचेतून हवे असतील तर ब्रेक चालू होताच फरक ठळकपणे जाणवला पाहिजे. मी ५:१ हे गुणोत्तर तळरेषा मानतो.

पायरी ५: एलईडी आणि वीज

एकाच रिळातले एलईडीसुद्धा जुळे नसतात. उत्पादक त्यांना उजळपणा, रंग आणि व्होल्टेज अशा तिन्हींनुसार बिनमध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटतो. एका दिव्यात एकच बिन वापरा आणि रचना मात्र शेजारच्या बिनवरही चालेल अशी ठेवा, कारण पुढच्या वर्षी कोणता माल येईल ते तुमच्या हातात नाही. पांढऱ्याच्या बाबतीत रंगाचा फरक उजळपणाच्या फरकापेक्षा जास्त खुपतो. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकॲडम यांनी १९४२ मध्ये डोळ्याला न कळणाऱ्या रंगफरकाच्या लंबवर्तुळांचं मोजमाप मांडलं. शेजारी दिसणाऱ्या एलईडींसाठी तीन पायऱ्यांच्या, म्हणजे अशा लंबवर्तुळाच्या तिप्पट मापाच्या, आत राहायचा प्रयत्न करा.

एलईडी एकामागोमाग जोडले की सगळ्यांतून सारखाच करंट जातो. समांतर जोडून मधे काहीच न ठेवलं तर ज्याचं व्होल्टेज कमी तो जास्त करंट ओढतो आणि जास्त पेटतो. पण ओळ किती लांब करायची? १२ व्होल्टची म्हणवणारी गाडी प्रत्यक्षात ९ ते १६ व्होल्टमध्ये फिरते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात; तिघांची ओळ केली की ९ व्होल्टला ड्रायव्हरसाठी (करंट सांभाळणाऱ्या सर्किटसाठी) काहीच उरत नाही. तेव्हा दोघांची ओळ, किंवा व्होल्टेज वाढवणारा ड्रायव्हर. लाल एलईडी २ व्होल्टच्या थोडं वर चालतो, तिथे तिघं आरामात बसतात.

ब्रेकचेच एलईडी मंद करून टेल म्हणून वापरायचे असतील तर करंट घटवण्यापेक्षा पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी झपाझप चालू-बंद करून मंद दाखवणं, बरं. अगदी कमी करंटला एलईडींमधले आपापसातले फरक वाढतात आणि दिवसा सलग दिसणारी पट्टी रात्री ठिपक्यांची होते. फक्त पीडब्ल्यूएमची वारंवारता शे-दीडशे हर्ट्झवर ठेवू नका. मागच्या चालकाने नजर फिरवली की लाल ठिपक्यांची माळ उमटते. काहीशे हर्ट्झ तरी हवेत.

उष्णतेबद्दल थोडक्यात: लाल आणि त्याहूनही अंबर (नारिंगी-पिवळे) एलईडी तापले की बरेच मंद होतात, पांढरे त्या मानाने कमी. पट्टीच्या मधले एलईडी कडेच्यांपेक्षा जास्त तापतात, म्हणजे सुरू करताच सारखा दिसणारा दिवा अर्ध्या तासाने मधे मंद दिसू शकतो. चाचणीतही १ मिनिटानंतर आणि ३० मिनिटांनंतर अशी दोनदा मोजणी होते. तुम्हीही दोनदा बघा.

पायरी ६: जिथे प्रकाश नको तिथला बंदोबस्त

आतली पोकळी पांढरी हवी, चकचकीत नको. आरशासारखा मुलामा प्रत्येक एलईडीचं प्रतिबिंब दाखवतो. मॅट पांढरं प्लास्टिक ते विस्कटून टाकतं. इंडिकेटर आणि टेल शेजारी असतील तर मधली भिंत डिफ्यूझरला जवळजवळ टेकेपर्यंत न्या. अर्ध्या मिमीची फटसुद्धा अंबर रंग लालमध्ये गळायला पुरते. डिफ्यूझर चिकटवायच्या कडा आणि मागच्या आधाराच्या बरगड्या सावल्या पाडतात. त्या उजळ भागाच्या बाहेर हलवा. काळं बेझल रुबाबदार दिसतं, पण कडेचा प्रकाश गिळतं, त्यामुळे पट्टीची कड हिशेबापेक्षा मंद निघते. डिफ्यूझर बेझलखाली दोन-तीन मिमी पुढे न्या, म्हणजे मंद कड झाकली जाते.

पायरी ७: हाताने करून बघा, मग सिम्युलेशनवर विश्वास ठेवा

एलईडीची छोटी पट्टी, पांढरा जाड पुठ्ठा आणि दोन-तीन प्रकारच्या दुधी ॲक्रिलिकचे तुकडे घ्या. पुठ्ठ्याची पेटी करा, डिफ्यूझर मागे-पुढे सरकवत ठिपके कुठे विरतात ते मोजा. एका दुपारचं काम, पण यातून आलेला आकडा तुमच्या स्प्रेडशीटशी जुळला की पुढच्या बैठकीत आवाज आपोआप ठाम होतो.

सिम्युलेशनमध्ये कॅन्डेलाचा आलेख काढून थांबू नका, उजळपणाचं चित्र काढा, आणि तेही अनेक जागांवरून: समोरून, १५, ३० आणि ४५ अंशांवरून, दोन्ही बाजूंनी. एक जागा उभ्या माणसाची ठेवा. दिवा ०.८ मीटर उंचीवर, माणूस ३ मीटरवर, डोळे १.६ मीटरवर: तो दिव्याकडे १५ अंश वरून बघतो. गाडी विकत घेणारा नेमका तिथेच उभा असतो. किरणांची संख्या कमी ठेवली तर चित्रात दाणे दिसतात आणि खरे डाग त्यात लपतात. दात्यांची टोकं धारदार धरू नका. मोल्डमधून निघालेल्या दात्याला थोडी गोलाई राहतेच, आणि तेवढ्यानेही गळती वाढते.

नमुना आला की अंधाऱ्या खोलीत बघाच, पण दिवसा उन्हातही बघा, चालू आणि बंद दोन्ही. उजळपणा मोजणारा कॅमेरा नसेल तर साध्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर इतकं खाली आणून कुलूप लावा की सर्वात तेजस्वी जागाही पांढरी फटफटीत होणार नाही, आणि रॉ फाइल वापरा. फोनने स्वतः सजवलेला फोटो खड्डे भरून दाखवतो. मला चार जणांना पाठवलेला तो फोटो अजून आठवतो.

मोल्ड करणाऱ्याला दाते वेगळ्या इन्सर्टवर, म्हणजे मोल्डमधल्या सुट्या तुकड्यावर, घ्यायला सांगा. पहिल्या मोल्डमधून आलेल्या दांड्याचा उजळपणा सिम्युलेशनशी तंतोतंत जुळला असं मी अजून तरी पाहिलेलं नाही. कुठेतरी दाते थोडे खोल, कुठेतरी उथळ करावे लागतात, आणि तेव्हा अख्खा मोल्ड न बदलता फक्त इन्सर्ट बदलता येतो. वेळापत्रक आखताना या एका दुरुस्तीचे दिवस त्यात आधीच धरून ठेवा.